पोलंडच्या कॅप्टनचा दुसरा साक्षीदार

आधीच सांगून टाकतो, मी रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाला माणूस. आवाज आला म्हणजे त्याच्या मागं कुठंतरी वायर असणार, एवढंच माझं अध्यात्म. मूळ गाव माण तालुक्यात, दहिवडीच्या पुढं. तिकडं प्रत्येक ओढ्याला एक भूत ठरलेलं... आमच्या आत्यानं लहानपणी इतकी भुतं दाखवली, की मोठेपणी घाबरायला काही शिल्लकच राहिलं नाही. या सदरातले अनुभवसुद्धा मी आजवर चहाबरोबर हसत हसत वाचत आलोय. पण ही गोष्ट माझ्यादेखत घडली आणि तिच्याखाली माझी सही आहे, म्हणून लिहितोय.

साल पंच्याण्णव. मिरजेत तंतुवाद्यांच्या गल्लीत माझं दुकान होतं, शेजारी हुसेनचाचांचा कारखाना. कारखाना म्हणजे काय, एक लांबट खोली, आढ्याला टांगलेले भोपळे आणि खाली बसलेले चाचा. आमच्या दोघांत नुसती फळ्यांची भिंत. चाचांचं वय पासष्टच्या आसपास. तंबोऱ्याची जवारी काढण्यात त्यांचा हात धरणारा गल्लीत कुणी नव्हता. तार घोडीवर जिथं टेकते तिथं कानस फिरवायची, तारेखाली दोरा सरकवायचा आणि ऐकायचं... पुन्हा घासायचं, पुन्हा ऐकायचं. त्या वेळी चाचा एक शब्द बोलत नसत. बोललं की कान बिघडतो म्हणायचे. माझा रेडिओ चालू असला तर लाकडी हातोडीनं भिंतीवर तीन टोले. मी निमूट बंद करायचो. नऊ वर्षांत त्यांनी मला तोंडानं एकदाही सांगितलं नव्हतं. हे लक्षात ठेवा.

फेब्रुवारीत एका सकाळी रिक्षावाल्यानं एक गोरा म्हातारा आणून माझ्या दारात सोडला. गल्लीत इंग्रजी येणारा मीच – म्हणजे दहावीला पस्तीस मार्कांचं इंग्रजी, पण वासरात लंगडी गाय शहाणी! उंच, ताठ, कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, मिरजेच्या उन्हात. नाव वितोल्ड. पोलंडचा. दोन दिवस लॉजवर उतरलाय आणि त्याला तंबोरे तयार होताना ऐकायचेत.

चहा पाजला तसा हळूहळू बोलता झाला. हा गडी तिकडच्या मिलिटरीत गुप्तवार्ता खात्यात कॅप्टन होता. काम काय, तर कानाला हेडफोन लावून परक्यांचे वायरलेस ऐकायचे आणि ऐकलं ते जसंच्या तसं कागदावर उतरवायचं. भाषा कळो न कळो, आवाज लिहायचा. तेवीस वर्षांपूर्वी एका दुपारी, जिथं कुणीच बोलत नाही अशा रिकाम्या फ्रिक्वेन्सीवर त्याला काहीतरी ऐकू आलं. त्यानं लिहिलं. त्याचा वरचा अधिकारी म्हणाला, "हे खोडा आणि 'वातावरणातला गोंगाट' असं लिहून सही करा."

हा म्हणाला, "गोंगाट नव्हता. मी ऐकलंय."

"मग दुसरा साक्षीदार आणा."

दुसरा कुठून आणणार? हेडफोन एकाच्याच कानाला! पण यानं खोडलं नाही. एका ओळीचा प्रश्न होता हो... मी असतो तर डोळे मिटून सही ठोकली असती, बायका-पोरं आहेत. यानं नाही ठोकली. मग डॉक्टरकडं पाठवणं, डोक्याच्या तपासण्या, आणि शेवटी कॅप्टनसाहेब गणवेशांच्या गोदामावर. बढती संपली, मित्र रस्ता बदलून जायला लागले. निवृत्त होईपर्यंत माणूस बूट आणि घोंगड्या वाटत बसला.

पुढं त्यांचं सरकार बदललं आणि अर्ज करून त्याला आपल्या त्या पानाची झेरॉक्स मिळाली. त्याच सुमारास त्यांच्या गावात कुणा भारतीय गवयाचं गाणं झालं. मागं तंबोरा वाजला आणि हा खुर्चीतून उठून उभाच राहिला. त्या दिवशी गोंगाटात जो आवाज होता तो हाच! गाणं संपल्यावर विचारलं, हे वाद्य कुठं तयार होतं? उत्तर आलं, मिरज.

"पण कागदावर काय लिहिलंय?" मी विचारलं.

"ते सांगणार नाही. साक्षीदाराला आधी सांगितलं, तर तो साक्षीदार राहत नाही." असं म्हणून त्यानं खिशातून लाखेचं सील केलेलं पाकीट काढलं, त्याच्या जोडावर माझी सही घेतली आणि माझ्याच ड्रॉवरमध्ये ठेवायला लावलं. किल्ली माझ्याकडं. मनात म्हटलं, म्हाताऱ्याचा एक स्क्रू ढिला दिसतोय. पण खोटं कशाला सांगू – माणूस आवडला.

चाचांना मी एवढंच सांगितलं, की परदेशी गिऱ्हाईक हाय, तंबोरा ऐकायला आलंय. चाचा म्हणाले, "येऊ दे की. ऐकायला कुटं भाषा लागतीया?"

पहिला दिवस तसाच गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी चाचा एका मोठ्या तंबोऱ्याची जवारी काढत होते. कॅप्टनसाहेब समोर गोणपाटावर मांडी घालून, डोळे मिटून बसलेला. मांडी म्हणजे काय, गुडघे खांद्याला लागले होते! त्यात तो नेमका चाचांच्या हातोडीवर बसलेला. हे नंतर कळलं. मी माझ्या दुकानात, आणि मॅच चालू होती. गर्दीचा आवाज, समालोचक फुल स्पीडमध्ये. भान राहिलं नाही आणि मी आवाज आणखी वाढवला.

चाचांनी हातोडी शोधली, तर ती पाहुण्याखाली. पाहुण्याला उठ कसं म्हणायचं? तर नऊ वर्षांत पहिल्यांदा ते भिंतीपलीकडून तोंडानं ओरडले –

"ए बापू, बंद कर की रं त्यो रेडिओ! ह्यो मानूस ऐकतोय न्हवं!"

मी दचकून बटण दाबलं. मग नुसता तंबोरा. जवारी अशी खुलली होती, की माझ्या बाजूच्या फळ्याही घुमायला लागल्या. आणि मग भोपळ्याच्या भुशानं साहेब दोनदा जोरात शिंकला.

मिनिटभरात तो माझ्या दारात. चेहरा पांढराफटक. तोंडातून एकच शब्द निघाला, "पाकीट."

मी ड्रॉवर उघडला. सील शाबूत, माझी सही शाबूत. फोडलं. आत झेरॉक्स, वर त्यांच्या खात्याचा शिक्का आणि बहात्तरची तारीख. अक्षरं इंग्रजीसारखीच, पण कुणाच्या डोक्यावर टिकली, कुणाला शेपूट. एका ओळीवर बोट ठेवून तो एकेक अक्षर वाचायला लागला. मला वाचून दाखवायची गरजच नव्हती. पहिले दोन शब्द माझे मलाच वाचता आले – ए बापू.

अहो, सगळं होतं. ओरडलेलं वाक्य अखंड, आमच्या बोलीत, 'रं' आणि 'न्हवं'सकट! त्याच्या वरच्या ओळींचा अर्थ त्यानं सांगितला. 'चार तारांचा आवाज. मागं मोठी गर्दी, एक जण फार भरभर बोलतोय.' आणि खालच्या ओळी... 'गर्दी एकदम बंद. तारा स्वच्छ. जवळच कुणीतरी दोनदा शिंकतो.'

ते वाचून त्यानं स्वतःच्या नाकाला बोट लावलं. हसला, आणि हसता हसता रडायलाच लागला. मग डोळे पुसून विचारलं, "तो माणूस काय म्हणतो? तेवीस वर्षं झाली, मला अर्थ माहीत नाही."

मी माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं. "तो म्हणतो, रेडिओ बंद कर. हा माणूस ऐकतोय."

माझ्या अंगावर सरसरून काटा आला होता. बहात्तर साली मी तिसरीत होतो हो, तिकडं गावाकडं! दुकान नव्हतं, ही फळ्यांची भिंत नव्हती, चाचांना बापू नावाचा शेजारी नव्हता.

चाचांना सगळं समजावून सांगितलं. मला वाटलं, आता हे अल्लाचं नाव घेणार. ते कानस पुसत म्हणाले, "मग? ऐकत व्हता की त्यो. त्यात खोटं काय हाय?"

तेवीस वर्षांत त्या माणसाला असं कुणी म्हटलं नव्हतं. मी भाषांतर करून सांगितलं, तेव्हा तो उठला, टाचा जुळवल्या आणि चाचांना कडक सलाम ठोकला. चाचांनीही बसल्या जागी, हातात कानस धरून, सलाम केला. मग त्यानं कागद पुढं केला. खाली त्याची जुनी सही होती आणि शेजारी दुसऱ्या साक्षीदाराची जागा कोरी. तिथं चाचांनी मोडक्या मराठी अक्षरांत सही केली. त्याखाली मी.

वर्षभरानं पत्र आलं. ते पान त्यानं खात्यात नेऊन दिलं होतं. त्यांनी ना माफी मागितली, ना काही. फक्त पान फाईलला लावून घेतलं. खाली त्यानं लिहिलं होतं, 'एवढंच पाहिजे होतं.'

मी पुष्कळ डोकं लढवलं. लांबच्या लहरी कधीकधी कुठल्या कुठं जाऊन पोचतात, हे मला माहीत आहे. पण चाचांच्या खोलीत माइक नव्हता, आणि अजून न घडलेली गोष्ट कुठला अँटेना पकडणार? कुणाला समजलं तर मला जरूर कळवा, मी हात टेकलेत.

चाचा जाऊन बरीच वर्षं झाली. आता तिथं त्यांचा मुलगा बसतो. तो जवारीला बसला, की टोले पडायच्या आधीच मी रेडिओ बंद करतो. तो हसतो – "बापूकाका, आज कुणी गिऱ्हाईक न्हाई, चालू द्या की."

मी म्हणतो, "असू दे रं. कुणीतरी ऐकत आसंल."