लाल पाण्यातल्या तिसऱ्या

समुद्रापासून इतक्या दूर, दिल्लीतल्या एका सरकारी कार्यालयात बसून मी शिंपल्यांमुळे होणाऱ्या विषबाधेचं काम बघतो. त्यामुळे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

सासूबाई कोकणातून आमच्या आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये आल्या की ओल्या गोणपाटात तिसऱ्या, म्हणजे खाडीतले खायचे शिंपले, घेऊन यायच्या. बूट-चपला काढायच्या आधी परात मागायच्या आणि तोंड उघडलेल्या एकेका तिसरीला टिचकी मारायच्या. मिटली ती जिवंत, ठेवायची. नाही मिटली ती फेकायची. गेल्या हिवाळ्यात टिचक्या मारता मारता त्या बायकोला म्हणाल्या, "खाडीचं पाणी काय लाल झालं होतं गं या खेपेला! पण बघ, एक मेली नाही."

मी चहाचा कप घेऊन दारातच उभा होतो.

सूक्ष्म शेवाळ माजलं की पाण्याला कधीकधी असा रंग येतो, आणि त्यातलं काही विषारी असतं. शिंपल्यांचे त्यावर आपापले उपाय असतात. काही जण कवच मिटून पाणी गाळणंच थांबवतात. काही ते विष शरीराच्या एका कोपऱ्यात ठेवतात, हळूहळू मोडतात. आणि जिथे ते पुन्हा पुन्हा येतं, तिथल्या काहींच्या मज्जातंतूंची घडणच अशी बदलते की विष त्यांना बाधत नाही. ते आरामात खात राहतात, विष साठवत राहतात. दिसायला टवटवीत. बाधतं ते त्यांना खाणाऱ्याला, आणि शिजवूनही ते जात नाही. टिचकीला मिटलेली तिसरी ताजी असते, एवढंच.

एक वाक्य पुरलं असतं. पण त्या इतक्या लांबून ओझं घेऊन आल्या होत्या, आमची लेक परातीभोवती नाचत होती, आणि लाल पाणी दर वेळी विषारी नसतं हेही खरं होतं. मुळात मला वाद नको होता. मला तो कधीच नको असतो.

आमच्याकडे पहिलं वाढप जावयाला. मी ताटावर हात आडवा धरला. "पोट बरं नाही. नुसता वरणभात द्या."

"काय हो जावईबापू, दिल्लीत राहून कोकण पचेनासं झालं?" सासूबाई हसल्या आणि माझ्या वाटणीच्या तिसऱ्या त्यांनी नातीच्या ताटात ओतल्या. मी वरण कालवत राहिलो.

थोड्या वेळाने लेक म्हणाली, "बाबा, ओठांना ना... क्या कहते हैं... झनझन होतंय." मग बोटांनाही. बायकोला, सासूबाईंनाही थोडं झालं, पण लेकीला जास्त. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, क्या खाया था? मी हिंदीत सगळं सांगितलं. लाल पाणी, शेवाळ, विषाचा प्रकार, श्वासावर लक्ष ठेवा. एकदम मुद्देसूद. बायको शेजारी उभी राहून ऐकत होती.

"म्हणून तुझं पोट बिघडलं होतं," ती म्हणाली. एवढंच.

लेक बरी होऊन घरी आली. सासूबाईंनी मात्र ठरवूनच टाकलं, एखादी मेलेली हातून सुटली असणार, नजर गेली आपली. गावी परतल्या. त्यानंतर त्या आल्या नाहीत. बायको म्हणाली, "मी आईला काही सांगणार नाही. तूच सांग."

मला कित्येक महिने लागले. परवा रविवारी सासूबाईंना फोन केला. सगळं सांगून झाल्यावर त्यांनी एकेक विचारायला सुरुवात केली.

"मी लाल पाणी म्हटलं ते ऐकलंत तुम्ही?"

"हो."

"आणि पोट?"

"पोट ठीक होतं."

"तुमच्या डोळ्यांदेखत मी पोरीला वाढलं."

"हो."

मग त्यांनी विचारलं, "पोरीला सांगितलंत हे?"

"नाही."

"मग सांगा. आत्ता. मी फोन धरून बसते."

लेक आतल्या खोलीत अभ्यास करत होती. मी फोन बंद न करता तिच्या दारापर्यंत गेलो आणि तिला हाक मारली.