बर्फातल्या नळ्या आणि सुनंदाताई

सुनंदाताईंची साठी होते आहे आणि त्यांच्या गौरवग्रंथात मीही लिहायचं, हे ऐकून आधी मीच हसलो. माझी शाळा दहावीच्या अलीकडेच सुटली. मग शिरोळला ट्रॅक्टर चालवला, मग कुठे कुठे काय काय केलं, ते सांगत बसलो तर ताई बाजूलाच राहतील. पहिली भेट सांगतो. कोल्हापुरातल्या त्यांच्या रक्ततपासणीच्या लॅबमध्ये, गावोगावचे नमुने मोटारसायकलवरून आणायचं काम मागायला गेलो होतो. लायसन्स बघायच्या आधी त्यांनी विचारलं, जेवलास का.

महिनाभरातच घोळ घातला. कोडोलीहून रक्ताच्या नळ्या घेऊन निघालो, तर पेठ वडगावात म्हशींचा बाजार. एका म्हशीची शिंगं अशी होती की... असो. दोन तास गेले. ऊन तापलेलं, रक्त नासेल म्हणून रसवाल्याकडून बर्फ घेतला, नळ्या त्यात खुपसल्या आणि स्वतःवर खूश होत लॅबमध्ये पोचलो.

त्यातल्या आक्काताई आजींचं पोटॅशियम भलतंच वाढलेलं निघालं. असा आकडा डॉक्टरांना लगेच कळवतात, तसा कळवला. कोडोलीच्या डॉक्टरांनी आजींना दवाखान्यात आणवून ते उतरवायच्या औषधाची तयारी केली. मशीन ठीक, नळीवरचं नाव बरोबर, रक्तही दिसायला स्वच्छ. ताई मात्र त्याच पिशवीतल्या बाकी नळ्यांचेही थोडे थोडे चढलेले आकडे बघत राहिल्या.

"सगळं कोडोली एकाच दिवशी आजारी पडलं व्हय?"

मग त्यांनी माझ्यापुढे खुर्ची सरकवली. "बस. वाटेत काय काय झालं ते सांग. रागावणार न्हाय."

खोटं अगदी ओठांवर आलं होतं. पण सांगितलं, म्हशीसकट.

ताईंनी त्याच क्षणी फोन लावून औषध थांबवायला सांगितलं. बर्फात रक्तपेशींतलं पोटॅशियम बाहेर झिरपतं, आणि ते औषध गरज नसताना दिलं तर जिवावर बेततं, हे तेव्हा कळलं. ताई माझ्याच गाडीवर मागे बसून कोडोलीला आल्या. आजींचा मुलगा भडकलेला. ताई हात जोडून म्हणाल्या, "चूक आमची हाय, पावणं. रक्त परत घेऊ द्या."

नवा आकडा नेहमीसारखा आला. आजी चहा पिऊन घरी गेल्या.

लॅबमध्ये चुकांची एक वही असते. माझं नाव तिथे येणार, हे मी धरूनच चाललो होतो. ताईंनी लिहिलं, 'नमुने आणणाऱ्याला बर्फाबद्दल आपण सांगितले नव्हते.' माझं नाव का नाही, विचारलं.

"तुझं नाव लिवलं, तर पुढचा न्हाय सांगायचा."

त्या आठवड्यात आम्हा सगळ्या गाडीवाल्यांना बसवून त्यांनी नमुना कसा आणायचा ते शिकवलं, आणि नीट डबे दिले. इतकी माणसं बघितली, पण समोरच्याला न घाबरवता त्याच्याकडून खरं काढून घेणारं माणूस दुसरं पाहिलं नाही.

ताईंना भरपूर, ठणठणीत आयुष्य मिळो. कोल्हापुरात चुकणारे आम्ही पुष्कळ आहोत, आणि नाव न ठेवता ऐकून घेणाऱ्या त्या एकट्या आहेत.