मावशी कुणाची

संक्रांतीनंतरचं हळदीकुंकू. रत्नागिरीतलं खासगी हॉस्पिटल, डॉक्टरांच्या मॅडमनी घातलेला घाट. सतरंज्या आम्हीच अंथरल्या, तिळगूळ आम्हीच वळला. नर्स मुलींच्या कपाळाला मॅडमनी आपल्या हाताने कुंकू लावलं. आम्हा तिघी सफाईवाल्यांपुढे करंडा सरकवला.

"मावशी, तुमचं तुम्ही लावून घ्या ग."

वाणाची डबी वरून सोडली. हाताला हात लागायला नको.

सवाष्णीने सवाष्णीला लावायचं, तिने उलट हिला लावायचं. रीत एवढीच. मी बोट बुडवलंच नाही. रागसुद्धा धड येत नव्हता. नुसता वीट आला होता.

नर्सच्या ओळीत माझी भाची उभी होती. बहीण गेली तेव्हा ही पाळण्यात. माय मरो, मावशी जगो म्हणतात. आमच्याकडे खरंच तसं झालं. आम्ही खारवी, बाजारात मासळी विकून, मग इथे लादी पुसून हिला वाढवली, शिकवली. इथे लागली त्या पहिल्या दिवशी हिने वॉर्डात "मावशी" अशी हाक मारली, आणि आम्ही तिघी वळलो. बाकीच्या मुली हसल्या. तेव्हापासून पोर इथे मला कसलीच हाक मारत नाही.

शेजारच्या हसीनाची मुलं मला खाला म्हणतात. तिचा नवरा कुवेतला असतो. तो सांगतो, अरबीतही आईच्या बहिणीला तेच. ट्रॉलरवरचा एक नेपाळी खलाशी इथे टाके घालून घ्यायला आला होता. त्यांच्यात मावशीला सानिमा, म्हणे धाकटी आई. घरी तिला तो "बसा" म्हणतो, "बस" नाही. आमच्यात मावशीला तू म्हणतात, पण ते तिच्या मांडीवर वाढलेलं पोर म्हणतं. इथे काल आलेला डॉक्टरही म्हणतो, मावशी, लादी पूस. नाव विचारायची गरजच नाही. सगळ्यांची सोय झाली.

मॅडमना माझं कपाळ कोरं दिसलं. म्हणाल्या, "रागावलीस काय मावशी? घरच्यासारखीच तू."

मी डबी त्यांच्या ताटात ठेवली.

"घरची असते तर हाताने लावलं असतंत. मी मावशी या पोरीची. तुमची नाही."

भाची खाली बघत राहिली. नवी नोकरी, ती तरी काय बोलणार? पण मला ते लागलं, खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या दिवसापासून ठरवलं. मावशी म्हणून हाक आली की मान वर करत नाही. तीनदा मारा, चारदा मारा. नावाने मारली की उठते, काम चोख करते. हेडसिस्टर म्हणतात, अशाने काढून टाकतील हं. टाकू देत. थकले मी आता, भीतीसुद्धा थकली.

पण काढायचं तर कुणाला काढलं ते सांगावं लागेल. तेव्हा तरी नाव घ्यावंच लागेल त्यांना.