नऊ घरं आणि पहिला चिंचोका

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी संध्याकाळी सानपाडा गावातल्या समाजमंदिरात लहान मुलांना गणित शिकवायला जायची. कॉलेजच्या सेवा योजनेत सरांनी विचारलं होतं, "कोण जाईल?" आमच्या घरातून कॉलेजात पोचलेली मी पहिलीच. सरांना नाही म्हणता येतं हे मला माहीतच नव्हतं.

सकाळी कॉलेज, दुपारी वाशीत एका दवाखान्यात काम, मग नव्या रस्त्यांच्या मातीतून चालत गाव. घरी गेल्यावर भाकऱ्या माझ्याच वाट्याला. मुलांसमोर बसायची तेव्हा पोटऱ्या ठणकत असायच्या. पिशवीत चिंचोके, जळक्या काड्या, सोड्याच्या बाटल्यांची झाकणं. खेळातून गणित शिकवायचं, असं सरांनी सांगितलं होतं. वडील मात्र माझी पिशवी बघून म्हणायचे, "चिंचोके मोजायला कालेजात धाडलं व्हय तुला?" मी हसायची. कधीकधी वाटायचं, खरंच आहे.

तिथे दुसरीतली एक मुलगी यायची. कडेवर धाकटा भाऊ. एकदा नापास होऊन ती पुन्हा दुसरीतच बसली होती. तिची आई पहिल्याच आठवड्यात येऊन मला बजावून गेली, "बाई, अवंदा पास झाली त ठीक. नाय त घरान बसल. मी वाशीला म्हावरा इकाला जातंय, पोराला कोन बघील?" बोलण्यात राग नव्हता. तीही दमलेली होती. 

मुलगी मंद नव्हती. काड्यांची कोडी ती सगळ्यांच्या आधी सोडवायची. पण बेरीज-वजाबाकी आली की चुकायची. पाच आणि तीन नऊ. नऊतून चार गेले, चार. शाळेतल्या गुरुजींनी म्हणे सांगून टाकलं होतं, हिच्या डोक्यात आकडा शिरतच नाही. मी रोज तिला तेच पुन्हा समजावायची, ती रोज मान हलवायची, आणि दुसऱ्या दिवशी पाच आणि तीन पुन्हा नऊ. परीक्षा जवळ येत होती. मनातून मी तिचा नाद सोडायला लागले होते.

एका संध्याकाळी बोलायचंही त्राण नव्हतं, म्हणून मी खडूने जमिनीवर प्रत्येकाला तीन-तीनच्या तीन ओळींत नऊ घरं आखून दिली. एका घरात एक चिंचोका, एकात दोन, असं नऊपर्यंत. घरं अशी निवडायची की आडवी, उभी, तिरपी, कुठलीही ओळ मोजा, पंधराच यावेत. हे कोडं त्यांना दोनतीन दिवस पुरेल, तेवढी मला विश्रांती, हा माझा हिशोब. प्रत्येकाला पंचेचाळीस चिंचोके दिले आणि भिंतीला टेकले.

बऱ्याच वेळाने तिने हाक मारली. "बाई, चिंचोके कमी परले. आनखी द्या ना."

"मोजून दिलेत गं."

"खरंच कमी हायेत."

शेजारचा मुलगा ओरडला, "बाई, ही चिंचोके खाते!" सगळे हसले. वाद नको म्हणून मी पिशवीच तिच्यापुढे ठेवली. ती परत घरं भरू लागली. झाल्यावर मी पहिली ओळ मोजली. अठरा. म्हटलं, चुकली. दुसरी ओळ मोजली, तीही अठरा. उभी अठरा. तिरपी अठरा.

मी ताठ बसले. जिला मोजता येत नाही, तिच्या सगळ्या ओळी सारख्या कशा? मांडणी तर अगदी बरोबर होती. फक्त प्रत्येक घरात एकेक चिंचोका जास्त होता.

"तीनचं घर माझ्यासमोर भर," मी म्हटलं. "मोठ्याने मोज."

तिने चिंचोका मुठीत दाबला. शाळेत मोठ्याने मोजलं की ओरडा बसायचा. मी पुन्हा म्हटल्यावर हळूच म्हणाली, "लाभ." एक चिंचोका ठेवला. मग, "एक, दोन, तीन."

मोजताना पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं, हे मलाही ठाऊक होतं. गावाकडे खळ्यावर ज्वारी मोजताना आजोबा तसंच म्हणायचे. पण त्यानंतर दोन यायचे.

"लाभानंतर एक कसं?"

"लाभ आपला नसतो ना बाई. आई तांदूल मोजते तवा पयल्या मापातली मूठ परत मरक्यात टाकते. ती देवाची."

म्हणजे ती पहिला दाणा देवाला सोडत होती. दोन वर्षं, प्रत्येक गणितात. पाचाला सहा दाणे, तीनाला चार, आणि एकत्र मोजताना पुन्हा पहिला सोडून नऊ; कोड्यात मात्र घराघराचा लाभ वेगळा सोडला, म्हणून तिच्या लेखी ओळीत पंधराच.

मला रडू येईल की हसू, कळेना. म्हटलं, "आईला विचार, त्या मापातले बाकीचे तांदूळ कुठे जातात."

दुसऱ्या दिवशी आई स्वतःच आली, मासळीची रिकामी पाटी काखेत धरून. "अगो येरे," पोरीला वेड्यात काढत तिने तिच्या पाठीत धपाटा घातला, "मूठ देवाची, माप आपल्याच टोपान शिजतं! लाभ म्हंजे एकच." मग माझ्याकडे वळून जरा घाबरत म्हणाली, "पन बाई, तिला लाभ बोलू द्या हां. मोजायची सुरवात एकानं नको."

मी हो म्हटलं. लाभ, मग दोन. सवय मोडायला परीक्षेपर्यंतचा सगळा वेळ गेला. कधी विसरायची, मग स्वतःच जीभ चावायची.

निकालाच्या संध्याकाळी ती उशिरा आली, भाऊ कडेवरच. मी चटया गुंडाळत होते. दिवसभर दवाखान्यात उभी होते, घरी पीठ मळायचं बाकी होतं.

"बाई, मी तिसरीत गेली."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. एवढंच जमलं.

"ती नऊ घरं आखा ना."

"आज नको गं. उद्या."

"येकदाच."

मी घरं आखली, पंचेचाळीस चिंचोके मोजून ओतले, तिचा भाऊ मांडीवर घेतला आणि भिंतीला टेकून डोळे मिटले. "लाभ, दोन, तीन," ती पुटपुटत होती. प्रत्येक घराला पुन्हा लाभ. पोरगं माझ्या मांडीवर झोपून गेलं. डोळे उघडले तेव्हा नऊही घरं भरली होती आणि जमिनीवर एकही चिंचोका उरला नव्हता. तिने आणखी मागितलेही नव्हते.

मी ओळी मोजल्या नाहीत.