बाटलीतलं पान

"पानी सगलीकडं हाय साहेब, पन हा किडा सगलीकडं नाय."

डोंगराकडच्या पाड्यातला देवू हे बोलला चौसष्ट सालच्या जेठात, पहिल्याच भेटीत. पालघरच्या कॉलेजात शिकवणाऱ्या भगवंतरावांनी त्याला पाणकिडे जमवायला ठेवलं. किडा काळा, गुळगुळीत, चिंचोक्यापेक्षा मोठा, पोटाशी हवेचा चंदेरी थर घेऊन फिरणारा. दुसरे पाणकिडे दोन्ही पाय एकदम मारतात. हा एकेक पाय टाकत पाण्यातून चालतो. तेही देवूनंच दाखवलं.

भगवंतरावांना नकाशा करायचा होता, किडा कुठं आहे आणि कुठं नाही याचा. स्वतःची लावणी बायकोवर टाकून देवू चार महिने हिंडला. कुंभवलीची डबकी, शिरगावचं तळं, नवापूरला खाडीलगतची खाचरं. पाला कुजतो, पाणी हलत नाही, तिथं किडा. पाणी खारवलं की नाही.

त्याला लिहिता येत नव्हतं. प्रत्येक बाटलीत तो त्या त्या पाणवठ्याकाठच्या झाडाचं पान टाकी. किडा नसेल तिथलं नुसतंच पान. पानावरून जागा कळते, ही सांगायची गोष्ट आहे असं त्याला कधी वाटलंच नाही.

शेवटच्या बाटल्या घेऊन तो पालघरला आला, तेव्हा टेबलावर आधीच्या साऱ्या बाटल्या लख्ख उभ्या होत्या.

"ताई, पानं कुठं?"

"फेकली!" मदतनीस पुष्पलता म्हणाली. "दोन दिवस तुझा कचरा उपसतेय. वीस बाटल्यांत तर किडाच नव्हता. पाला विकायला आणलास काय?"

"तिथं किडा नाय, म्हणून पान. पानावर जागा हाय ना ताई!"

भगवंतरावांनी चष्मा काढला. "आधी बोलायचं नाही का?"

"तुमी इचारलं नाय."

"बरं, आठव. ही कुठली?"

देवूनं बाटली उजेडात धरली. मग दुसरी. तिसरी. सगळे किडे सारखेच काळे.

"जाऊ दे," भगवंतराव म्हणाले. "पुष्पलता, सगळ्यांवर पालघर लिही. स्टेशन आहे, बाहेरच्यांना कळतं."

"पालघरात नाय तो. किडा काय गाडीनं येतो?"

"पुढच्या पावसात हिंड की परत. तुला चालायची सवय आहे."

पुष्पलता चिठ्ठ्या लिहू लागली. देवूला वाचता येत नव्हतं, पण दर चिठ्ठीवर तीच अक्षरं पडताहेत हे दिसत होतं.

चौथ्या चिठ्ठीला तो उठला. पानांसकट आणलेल्या नव्या बाटल्यांची टोपली तिथंच टाकून बाहेर पडला.