बांधावरची दुभाषी

"गाडी थांबवा!" राजदूत मॅडम फ्रेंचमध्ये ओरडल्या. मीही तेवढ्याच जोरात मराठीत ओरडले. ड्रायव्हरने करकचून ब्रेक लावला.

आम्ही पेणहून रोह्याला निघालो होतो. मी दुभाषी. मॅडम पश्चिम आफ्रिकेतल्या एका देशाच्या राजदूत. रोह्याच्या एका केमिकल कंपनीत त्यांची व्हिजिट होती; मलाही कंपनीनेच नेमलं होतं. वाटेत खाडीकाठी काही बायका फुटलेल्या बांधावर माती टाकताना त्यांना दिसल्या. हा बांध भरतीचं खारं पाणी भातशेतीबाहेर अडवतो. तो फुटला की जमीन पुढची काही वर्षं पिकत नाही.

"अहो, माझ्या गावी अगदी हेच!" म्हणत मॅडम चपला हातात घेऊन चिखलात उतरल्यासुद्धा. मागोमाग कंपनीचे लायझन ऑफिसर सावंत, घड्याळ बघत.

आमच्या कामाला 'कॉन्सेक्युटिव्ह' म्हणतात. बोलणाऱ्याने दोन वाक्यं बोलून थांबायचं, मग आम्ही सांगायचं. पण तिथे थांबतंय कोण? सगळ्या बायका एकदम बोलत होत्या.

"तुमच्याकडं पन बांध फुटतो काय गो बाय?" त्यांच्यातल्या वयस्कर सुमनताईंनी विचारलं.

"फुटतो ना!" मॅडम म्हणाल्या. त्या आधी शिक्षिका, मग नगराध्यक्ष, मग शेतीमंत्री. "मंत्री असताना मी असाच बांध घातला. निवडणूक जवळ आली म्हणून काम पुरं व्हायच्या आत उद्घाटन केलं. पहिल्याच उधाणात फुटला. शेतं गेली. चूक माझी होती. मी राजीनामा दिला."

सावंतांना थोडंफार फ्रेंच कळायचं. मी मराठीत सांगायच्या आत ते माझ्या कानाशी आले. "राजीनाम्याचं गाळा. शुभेच्छा दिल्या म्हणून सांगा."

"काय म्हणतायत ते?" मॅडमनी मला लगेच विचारलं.

हे काम हातचं गेलं, असंच वाटलं. तरी सावंतांचं वाक्य मी जसंच्या तसं फ्रेंचमध्ये सांगितलं आणि मॅडमचं मराठीत. एक शब्दही गाळला नाही.

मॅडम खदखदून हसल्या. सावंत लालबुंद. बायकांनी मात्र घमेली खाली ठेवली.

"मंत्री सोता बोलली, चूक माझी?" सुमनताई म्हणाल्या. "आमच्याकडं तर दरसाल समुद्राचीच चूक असते!"

हे फ्रेंचमध्ये सांगताना मलाच हसू आवरेना.

"मग फुडं काय केलंस गो?"

"गावी गेले. सुरुवातीला कुणी बोलेना. बांध पुरा होईपर्यंत तिथेच राहिले. मग त्याच लोकांनी मला परत निवडून दिलं."

"ये, मग हात लाव!" सुमनताईंनी घमेलं पुढे केलं. मॅडमनी ते खरंच उचललं!

रोह्याला आम्ही भलत्याच उशिरा पोचलो, गुडघ्यापर्यंत चिखलात. मीटिंग झाली, चांगली झाली. पुढे मॅडमनी सुमनताईंना आणि आणखी दोघींना आपल्या देशातले बांध बघायला बोलावलं. तिघींनी पहिल्यांदाच पासपोर्ट काढले. दुभाषी म्हणून मी सोबत होते.

आता काम घेतानाच मी क्लायंटला बजावते: मीटिंगमध्ये माझ्या कानात बोललेलं समोरच्यालाही कळतं. सगळे मान डोलावतात. मग विसरतात.