हंसाबाईच्या खुराड्यातला उजेड

फुलसावंगीजवळच्या तांड्यात हंसाबाई राहते. थंडीत दिवस लहान झाला, की तिच्या कोंबड्या अंडी देणं बंद करत. म्हणून यंदा तिनं खुराड्यात बल्ब टांगला आणि रोज पहाटे उठून तो लावू लागली. कोंबड्यांना दिवस मोठा वाटला आणि अंडी सुरू झाली. पण उजेड मध्येच चुकला, तर त्या पिसं गाळून बसतात. नवरा लालसिंग ऊसतोडीला गेलेला, त्यामुळे हंसाबाईला घर सोडता येईना.

पौषात लोहाऱ्याला सासरी तिची मुलगी रंजिता बाळंत झाली; जावईही ऊसतोडीलाच होता. "याडी, दोन दिस तरी राहाले ये," ती आईला फोनवर म्हणाली.

सकाळी बल्ब बंद करून हंसाबाई एसटीनं गेली. नात मांडीवर घेतली. पण ऊन कलायला लागलं, तशी ती उठली.

"काहून, लगेच?"

"पहाटे बल्ब कोन लावन?"

"अन् मी एकटीच राहू?"

बाळाला रंजिताच्या कुशीत देऊन हंसाबाई निघाली. घरी पोचली तेव्हा कोंबड्या आपणहून खुराड्यात शिरून निजल्या होत्या.

पहाटे तिनं बल्ब लावला, तेव्हा लुगड्याला अजून बाळाच्या तेलाचा वास येत होता.